पंख सरळ आहेत का?

धातूच्या जुन्या खेळण्यातल्या विमानांचा नाद लागलेल्या माणसांना एक खोड असते. विमान हातात आलं की ते डोळ्यांसमोर आडवं धरायचं, एक डोळा मिटायचा आणि पंख सरळ आहेत का ते पाहायचं. रंग उडालेला चालतो, नाकावरचा फिरता पंखा हरवलेला चालतो, चाक नसलं तरी भागतं. पंख मात्र सरळ हवेत. पूर्वी मुलगी बघायला आलेली मंडळी तिला चार पावलं चालून दाखवायला सांगत, त्यातलाच प्रकार.

याला कारण आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये डिंकी टॉइजची पहिली विमानं काढली. त्यात लेपर्ड मॉथ या छोट्या खऱ्या विमानाची प्रतिकृती होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल आणून जुहूला उतरवलं ते पस मॉथ. लेपर्ड मॉथ त्याचं धाकटं भावंड. म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्त जीव. डिंकीची बरीच विमानं जस्ताच्या मिश्रधातूची, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम. जस्त अगदी शुद्ध लागतं. शिशाचा अंश जरी त्यात राहिला, तरी पुढे कित्येक वर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो, पंख वाकतात आणि शेवटी हातात भुगा येतो. दमट, उबदार हवेत हे लवकर होतं, म्हणजे मुंबईचा पाऊस आहेच मदतीला. औषध नाही. विमानांना हा रोग मोटारींपेक्षा जास्त छळतो, कारण पंख लांब आणि पातळ.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. पोरांनी आपटून आपटून खेळलेलं विमान आणि कुणी कपाटात जपून ठेवलेलं विमान, रोगाला दोन्ही सारखीच. जपणाऱ्याला त्याचं काही बक्षीस मिळत नाही. खोका कोरा करकरीत आणि आत तुकडे, असंही होतं.

पत्र्याची जपानी विमानं त्या मानाने सुखी. महायुद्धानंतर तिकडे पत्र्याचा तुटवडा, तेव्हा टाकून दिलेले डबे कापून खेळणी केली. एखादं खेळणं उलटून आत डोकावलं की जुन्या डब्यावरची छपाई अजून दिसते. सोल्डरिंगही नाही, पत्र्याच्या जिभा खाचेत घालून दुमडलेल्या. गंज चढतो, पण तो बाहेरून दिसतो तरी!

आणि मग आपली निकी टॉइज. डिंकीचे जुने साचे साठीच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यातून ही खेळणी निघू लागली. रंगकाम ओबडधोबड, कडा नीट घासलेल्या नाहीत. संग्राहकांत काहीजण नाक मुरडतात. मी नाही मुरडत. त्यांच्या एका सी व्हिक्सन या लढाऊ विमानाचे पंख मी एक डोळा मिटून बघितलेत, फूटपट्टीसारखे सरळ आहेत.

चोरबाजारात असं विमान दिसलं की दुकानदार ठासून सांगतो, ‘‘साब, असली लंडन का माल है.’’ मी मान डोलावतो. कलकत्त्याचं नाव काढलं तर तो किंमत उतरवेल की दुप्पट करेल, याचा काही भरवसा नाही.