व्यभिचारी भाव आणि तात्पुरता अपहार

अकरावीत, कोल्हापुरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात, मराठीच्या सरांनी फळ्यावर ‘व्यभिचारी भाव’ लिहिलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर वळलेसुद्धा नाहीत. शेजारी 33 आकडा काढला आणि म्हणाले, ‘‘हसून घ्या. एवढे आहेत, वर्गाला पुरतील.’’ मग सांगितलं की भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या यादीत चिंता, गर्व, लज्जा सगळे व्यभिचारीच. स्थायी भावाच्या, म्हणजे रसाच्या मुळाशी टिकून राहणाऱ्या भावाच्या, आगेमागे येतात-जातात म्हणून. शब्दाचं चारित्र्य नंतर लोकांनी बिघडवलं.

तो तास रसावरून घसरला तो थेट आचारावर आला. दुराचार माणसापुरता असतो, अनाचार माजतो. स्वैराचार एकट्याला जमतो, अत्याचाराला सोसणारा कुणीतरी लागतोच. आणि भ्रष्ट म्हणजे खाली घसरलेला, तेव्हा आधी तो कुठंतरी वर बसलेला पाहिजे. ज्याला खुर्चीच नाही तो भ्रष्ट कसला, तो नुसता चोर! एकानं विचारलं, ‘‘सर, मग पाप कशाला म्हणायचं?’’ सर म्हणाले, ‘‘रोज पापाच्या तिकटीवरनं शाळेला येतोस आणि मला विचारतोस?’’ पापाची तिकटी हा आमच्या कोल्हापुरातला चौक.

पुढं मी सहकारी संस्थांचा ऑडिटर झालो. आमच्या जिल्ह्यात दूध संस्था, पतसंस्था, सेवा सोसायट्या गावोगाव, त्यामुळं या शब्दांशी रोजची गाठ. चहापाणी, चिरीमिरी, मलिदा हे बोलण्यातले. घेणारा-देणारा दोघंही हसत वापरतात. कायद्याला चिरीमिरी ठाऊक नाही, तिथं सरसकट लाच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. अफरातफर हा तर मूळ अरबी जोडशब्द, हिंदीत गेला तो गोंधळ झाला, मराठीत आला तो थेट तिजोरीत शिरला.

खरी कसरत अहवालात. किर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबवहीत, रोख शिल्लक मर्यादेपेक्षा जास्त दिसली, पण मोजल्यावर भरली, तर ती अनियमितता. मोजायला बसलो आणि सचिव ‘‘चावी घरी राहिली’’ म्हणून उठला, दुसऱ्या दिवशी नोटा आणून ठेवल्या, तर तो तात्पुरता अपहार. ‘तात्पुरता’ या विशेषणावर फार जणांची भिस्त असते. पैसे परत आले ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही. ठेवी ज्यांच्या, त्यांना त्या रात्रीचं कुणी विचारलं होतं?

एका संस्थेचे चेअरमन अहवालाचा मसुदा वाचून म्हणाले, ‘‘सायेब, अपहार खोडा आणि अनियमितता लिवा की. एका शब्दानं काय हुतंय?’’ होतं ते एवढंच: अनियमितता लिहिली की संस्था दोषदुरुस्ती अहवाल पाठवते आणि फाईल बंद होते. अपहार लिहिला की सहकार खात्याच्या निबंधकांना विशेष अहवाल जातो आणि पोलिसांत फिर्याद द्यावी लागते, तीही ऑडिटरनंच. मी अपहार ठेवला आणि फिर्याद द्यायला गेलो. ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं, ‘‘म्हणजे चोरीच न्हवं?’’

त्यांना सरांची खुर्चीची गोष्ट सांगितली. चहा मागवून पूर्ण ऐकून घेतली त्यांनी.