लाईन गेली की क्रॉन मागचं काम धरत नाही

रात्री लाईन गेली, जिनिंगच्या काट्यावरच्या सर्व्हरचा २ वाजताचा बॅकअप राहिला. सकाळी लाईन आली तरी क्रॉन (लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) हुकलेलं काम परत करत नाही. यवतमाळ-वाशीमकडं गावात मशीन ठेवणाऱ्यांनी सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) टायमर लावावा. त्यात 'ऑनकॅलेंडर' (घड्याळाची ठरलेली वेळ) सोबत 'पर्सिस्टंट' ट्रू केलं की मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम एकदा होतं. 'ऑनबूटसेक'ला (मशीन सुरू झाल्यापासून मोजलेली वेळ) ते लागू नाही.

खरी काळजी काटापावत्यांच्या एक्सएमएलची (टॅग लावून डेटा ठेवलेली फाईल). एक्सएसएलटीनं (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा) त्याचं एचटीएमएल पान बनवताना आउटपुट थेट चालू पानावर रिडायरेक्ट करू नका. शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आधी फाईल रिकामी करतो, मग प्रोग्रॅम सुरू होतो. मधातच लाईन गेली तर पान कोरं. त्याच फोल्डरात दुसऱ्या नावानं फाईल काढा, एक्झिट कोड ० (काम नीट झाल्याची खूण) आला तरच पुढं जा. मग त्या फाईलवर 'सिंक' (डेटा डिस्कवर उतरवणारी कमांड) चालवा, नाहीतर डेटा मेमरीतच असू शकतो. शेवटी 'एमव्ही' कमांडनं तिला चालू पानाचं नाव द्या.

तात्पुरती फाईल 'टीएमपी'त (सिस्टमचं तात्पुरत्या फाईलींचं फोल्डर) नकोच. ते बऱ्याचदा वेगळ्या फाईलसिस्टमवर असतं. तिथून एमव्ही नुसतं नाव बदलत नाही, कॉपी करतो, अन् अर्ध्या फाईलचा धोका तसाच राहतो.