तीनदा उसवलेली बाही
“सैल आहे ना, मग बाजूने दाबून घे” असं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांच्या हातात माझा हा शर्ट आणि उसवणी (टाके उसवायचं टोकदार हत्यार) द्यायची इच्छा आहे.

वापरलेल्या कपड्यांतून घेतलेला जाड सुती शर्ट. कापड दणकट, बटणं शाबूत, फक्त त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. सोबत घेतलेल्या पँटची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेतली, तासाभराचं काम. त्याने मला उगाच जोर आला.

शर्टाच्या लोंबणाऱ्या बाह्या डोळ्यांत खुपत होत्या म्हणून सुरुवात तिथूनच केली. कफ उसवले, बाह्या 5 सेंमी कापल्या, कफ परत बसवले. हे सगळ्यात शेवटी करायचं असतं.

खरी अडचण खांद्याची होती. शिवण दंडावर 5 सेंमी उतरलेली. बाही काढल्याशिवाय इलाज नाही, आणि या शर्टाच्या मुंढ्याला (बाही जोडतात त्या गोलाला) माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) आत दुमडून मारलेली दुहेरी शिवण होती. ती उसवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. दोन ठिकाणी उसवणीचं टोक कापडातच घुसलं. मग खांद्याच्या हाडापाशी खूण करून खडूने नवा मुंढा आखला, वर 5 सेंमी आत आणि बगलेकडे निमुळता होत जुन्या रेघेला मिळणारा. मायेसाठी बाहेर 1 सेंमी सोडून कापला. दोन्ही बाजू पुढच्या आणि मागच्या प्रत्येक पदरात 3 सेंमी दाबल्या आणि बाही लावायला घेतली, तर बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा 4 सेंमी मोठा! मुंढा खालून आवळला होता, बाही होती तशीच.

पहिल्यांदा जास्तीचं कापड चुण्यांत घातलं. खांद्यावर लहान मुलीच्या फ्रॉकसारखे फुगे आले. उसवलं. दुसऱ्यांदा जास्तीचं कापड बगलेत चिमटीत धरून शिवलं, तिथे गाठोडं झालं. शिवाय डावी बाही उजवीकडे लागली, हे कफाची चीर पुढे आल्यावर कळलं. बाही काढतानाच आतून खडूने डावी-उजवी लिहून ठेवा. पुन्हा उसवलं. मशीनवर झाकण टाकून दोन दिवस तिकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरा एक शर्ट उलटा करून बघत बसले, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या बाहीची खालची शिवण आणि बाजूची शिवण एकच होती, कफापासून शर्टाच्या खालच्या कडेपर्यंत सलग. म्हणजे आधी बाही सपाट, उघड्या मुंढ्याला लावायची आणि मग कफापासून खालपर्यंत एकच टीप. मी बाजू आधी बंद करून गोल मुंढ्यात गोल बाही कोंबत होते! बाजू उसवल्या, बाहीची खालची शिवणही उसवली, खांद्याच्या खुणेवर बाहीचा मध्य टाचून बाही सपाट लावली. बगलेत उरलेलं कापड बाजू दाबताना आपोआप मायेत गेलं. अर्ध्या तासात दोन्ही बाह्या!

एक राहिलंच: सुती कपडा आधी धुऊन घ्या, आटायचा तो आटून जाऊ दे. आणि कात्री लावण्याआधी मशीनच्या सगळ्यात लांब टाक्याने कच्ची टीप मारून, कपडा घालून दोन्ही हात वर करून बघा. बाजू फार आवळल्या असतील तर हात वर करताच अख्खा शर्ट वर चढतो.

माझ्या शर्टाचे हात वर होतात. फक्त खांदा 5 सेंमी आत सरकला, तशी बाहीही तेवढीच वर ओढली गेली, आणि मी तर ती आधीच कापून बसले होते. कफ आता मनगटाच्या वर राहतात, म्हणून बाह्या कोपरापर्यंत दुमडून घालते. कापलेल्या पट्ट्या टाकल्या नाहीत, सुईदोऱ्याच्या डब्यात आहेत. कफाच्या वर जोडता आल्या तर बघेन.