मेला का तो?

जानेवारीत मटार स्वस्त झाले की आमच्याकडे पाच किलोची पिशवी येते आणि सोलायचं काम माझ्या गळ्यात पडतं. हात चालू, डोळे टीव्हीकडे. यंदा सोबतीला 'बँड ऑफ ब्रदर्स' लावली. तिसऱ्यांदा. बायको म्हणाली, "परत तेच? मरणारे तर तेच मरणार ना?" मुद्दा बिनतोड होता.

२००१ची, दहा भागांची मालिका. दुसऱ्या महायुद्धातल्या, अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमधल्या 'ईझी कंपनी' या तुकडीची. ही पोरं ६ जून १९४४ला मध्यरात्र उलटल्यावर पॅराशूटनं फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरली आणि लढत लढत पार ऑस्ट्रियापर्यंत गेली. धडाडधूम भरपूर आहे, पण ती आता माझ्या डोक्यात राहत नाही. राहिली आहे ती कात्री.

डिसेंबर १९४४. बेल्जियममधलं बॅस्टोन जर्मनांनी वेढलंय. यूजीन रो हा कंपनीचा मेडिक बर्फातल्या एकेका खड्ड्यापाशी जाऊन विचारतोय, कात्री आहे का कुणाकडे? बँडेज, मॉर्फिन, काहीही? आपल्याकडे दुधाची पिशवी फोडायला कात्री सापडली नाही तर घर डोक्यावर घेतात. इथं शेजारचा माणूस रक्तानं भिजलाय आणि हा कात्री मागत फिरतोय, तेही हळू आवाजात. ते जंगल इंग्लंडमधल्या एका हँगरमध्ये उभारलेलं होतं, बर्फ कागदाचा होता, हे मला ठाऊक आहे. तरी त्या भागाला मी दर वेळी शाल ओढून घेतो.

आई शेजारी बसून शेंगा निवडत असते. इंग्रजी तिला कळत नाही, त्यामुळे तिचा प्रश्न ठरलेला. "मेला का तो?"

आल्बर्ट ब्लाइथच्या वेळी मात्र माझी पंचाईत झाली. तिसऱ्या भागात त्याला गोळी लागते आणि शेवटी पडद्यावर अक्षरं येतात : जखम बरी झालीच नाही, १९४८ साली गेला. प्रत्यक्षात हा गडी बरा झाला, सैन्यातच राहिला, कोरियाला जाऊन आला आणि १९६७ साली वारला. मुद्दाम खोटं कुणी बोललं नव्हतं. सोबत्यांना खरंच वाटत होतं, तो गेला. त्यांनी तसं सांगितलं, ते आधी या कंपनीवरच्या पुस्तकात आलं आणि पुस्तकावरून मालिकेत. 'सत्यघटनेवर आधारित' म्हणतात ते असं, आठवणीच्या भरवशावर. दुसरं काही असलं तर ते सरकारी कागद. त्यात कुणी कात्री मागत नाही.

"मालिकेत मेला," मी म्हणालो, "पण खरा जगला."

"बरं झालं," आई म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

भागाच्या सुरुवातीला खरेखुरे म्हातारे सैनिक बोलतात. नावं दाखवत नाहीत. ती थेट शेवटच्या भागात कळतात. तोवर नुसते चेहरे. कुणी बोलता बोलता थांबतो, ओठ आवळतो, बाजूला बघतो. आईला नेमकं तेवढंच आवडतं. भाषेचा प्रश्नच येत नाही.

परवा अशाच एका म्हाताऱ्याकडे बघत ती म्हणाली, "आमचे थोरले काका असेच गप्प व्हायचे."

हे काका मराठा पलटणीत होते, त्याच महायुद्धात, इटलीत. त्यांच्याकडून घरच्यांना मिळालेली इटली म्हणजे चिखल आणि खेचरं. गुडघाभर चिखल आणि आपल्यापेक्षा शहाणी खेचरं, एवढंच सांगायचे. मला वाटत होतं, काकांबद्दल जे काही आहे ते हेच.

"वहाणा उशाशी ठेवायचे," आई म्हणाली. "टाचा उशीकडे, तोंडं दाराकडे. अंधारात पाय घातले की सरळ बाहेर. काकूनं चुकून हलवल्या तर उठून परत लावायचे."

"किती वर्षं?"

"गेले त्या रात्रीपण होत्या."

पुढचा भाग आपोआप सुरू झाला. मी तो थांबवला. आईच्या ताटलीत अजून ढीगभर शेंगा होत्या.