तिसऱ्या गठ्ठ्यातली चिठ्ठी

साक्षीदाराला वर्गात बोलवायचं तर खरं काम तो दारात येण्याआधीच करावं लागतं. यंदा नेमकं तेच माझ्याकडून चुकलं.

जर्मनीत, हेसन राज्यातल्या एका शाळेत मी दहावीला इतिहास शिकवते. जुना पूर्व जर्मनी सोडून आलेल्या कुणाला तरी आम्ही दरवर्षी बोलावतो. यंदाच्या बाई याआधीही येऊन गेलेल्या; सत्तरी ओलांडलेल्या, पेशाने नर्स. 1983 मध्ये हंगेरीतून ऑस्ट्रियात सटकताना सीमेवर पकडल्या गेल्या आणि तिथून परत पाठवल्या गेल्या. पूर्व जर्मनीच्या दंडसंहितेचं कलम 213, ‘बेकायदा सीमा ओलांडणे’, शिक्षा 22 महिने. होहेनेक हा बायकांचा तुरुंग. तेरा महिन्यांनी पश्चिम जर्मनीने त्यांना विकत घेतलं.

‘सोडवून घेतलं’ असं सौम्य करून सांगणारे सहकारी आहेत. मी विकत घेतलं असंच म्हणते. 1963 ते 1989 या काळात तेहतीस हजारांहून जास्त राजकीय कैदी असे पलीकडे गेले. सुरुवातीला दर साधारण माणशी 40,000 मार्क होता, 1977 पासून 95,847. बहुतेक रक्कम रोख जायची नाही. चर्चच्या मदतसंस्थेमार्फत कॉफी, तांबं, कच्चं तेल असा माल जायचा. कैद्यांना आधी कार्ल-मार्क्स-श्टाटच्या (आताचं केम्निट्झ) कास्बेर्ग तुरुंगात काही आठवडे ठेवून जरा बरं खायला घालायचे, म्हणजे पलीकडे पोचताना हाडं दिसू नयेत. मग बस, आणि आमच्याच राज्यातलं गीसनचं निर्वासित केंद्र. बसची नंबरप्लेट फिरती होती. पूर्वेत असताना पूर्वेचा नंबर, सीमा जवळ आली की ड्रायव्हर बटण दाबायचा आणि पश्चिमेचा नंबर पुढे यायचा. मुलांना हे सिनेमातलं वाटतं. सिनेमातलं नाही.

तयारी अशी. भेटीआधी दोन तासिका. पहिलीत नकाशा आणि तीन कागदांच्या प्रती: देश सोडण्याचा अर्ज, निकालपत्र, सुटकेचा दाखला. दुसरीत प्रश्न. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहायचा. ‘कसं वाटलं?’ पहिल्या अर्ध्या तासात बंद, कारण त्याचं उत्तर साक्षीदाराकडे वर्षानुवर्षं घोटलेलं तयार असतं. किती वाजले होते, हातात काय होतं, दार कुठल्या बाजूला उघडायचं, असं विचारलं की घोटलेली गोष्ट थांबते आणि माणूस आठवायला लागतो. खुर्ची दाराकडे पाठ येणार नाही अशी ठेवायची. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटणाऱ्या शिपायाला त्या दिवशी दुसरीकडे पाठवायचं. चाळीस मिनिटं कथन, चाळीस प्रश्न, दहा राखीव. आधी हुंदके देणारी फिल्म दाखवून वातावरण तयार करणारे शिक्षक मला मुळीच पटत नाहीत. 1976 चा बॉयटेल्सबाख करार आम्हांला पाठ आहे: विद्यार्थ्यावर मत लादू नका, वादाचा विषय वादाचा म्हणूनच मांडा. तो करार भिंतीवर टांगायचा आणि लगेच व्हायोलिन लावायचं, याला काय म्हणावं!

वादही दरवर्षी ठरलेलाच येतो. यंदा जुन्या पूर्वेतल्या थुरिंगियाची एक मुलगी म्हणाली, “आजी सांगते, तिकडे भाडं स्वस्त होतं, पाव पाच फेनिगला मिळायचा.” बाई शांतपणे म्हणाल्या, “खरं आहे, मीही पाच फेनिगलाच घेत होते.” गाडीसाठी दहा-बारा वर्षं थांबणं या मुलांना समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे बजाजच्या स्कूटरला नंबर लावून बसलेल्या पिढीला ट्राबांट, म्हणजे तिकडची ती गाडी, एका वाक्यात कळली असती.

आता चूक. 27 चिठ्ठ्यांचे मी तीन गठ्ठे केले. पहिला तपशिलांचा, दुसरा निर्णयांचा, तिसरा ‘वेळ उरला तर’. तिसऱ्यात बाळबोध प्रश्न जातात. तिथे एक चिठ्ठी होती: ‘ते पैसे तुम्हांला फेडावे लागले का?’ मला वाटलं, पोराला व्यवहारच कळलेला नाही. सरकारने सरकारला दिलेले पैसे, फेडायचे कुणी?

चिठ्ठी सीरियातून आलेल्या मुलाची होती. एरवी तासाला तोंड न उघडणारा. सत्तराव्या मिनिटाला त्याने चिठ्ठीची वाट न बघता हात वर केला आणि तेच विचारलं.

बाई म्हणाल्या, “नाही. कुणी मागितले नाहीत.” पुढे त्या नेहमीच्या जागी, सीमा ओलांडताच बसमध्ये वाजलेल्या टाळ्यांवर जातील असं मला वाटलं. गेल्या नाहीत. होहेनेकमध्ये तीन पाळ्यांत चादरी शिवायच्या, हे त्यांनी आधी एका वाक्यात उरकलं होतं. आता त्या सुईवर आल्या. जाड कापडात सुई तुटली की टोक शोधून जमा करावं लागायचं, तोवर मशीन बंद, आणि कोटा मात्र तेवढाच. त्यातला बराच माल पश्चिमेत विकला जायचा. सुटल्यावर काही महिन्यांनी त्या दुकानात चादर घ्यायला गेल्या आणि काठ उलटून शिलाई बघितली. दर इंचाला किती टाके पडलेत ते बोटाने मोजलं. मग घडी पुन्हा तशीच घालून फळीवर ठेवली आणि तिथून निघाल्या. इतक्या वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बोलताना त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून टाके मोजत सरकत होती.

मग त्यांनी त्याला विचारलं, “तुझ्यावर असं देणं आहे का?”

“माझ्यावर नाही, काकांवर. तिघांना इथे आणण्याचे आहेत. अजून फिटले नाहीत.”

“कुणाला द्यायचे?”

“माणूस तुर्कस्तानात असतो.”

पुढची सहा-सात मिनिटं ते दोघंच बोलत होते. दर माणशी किती, हप्ता कसा पोचतो, हप्ता चुकला तर कुणाला फोन येतो. बाकीचे सव्वीसजण गप्प. खरं म्हणजे मी मध्ये पडायला हवं होतं. मुलाच्या घरचा व्यवहार भर वर्गात उघडा होत होता, आणि असं होऊ नये म्हणून तर आमचे नियम आहेत. मी पडले नाही. ते बरोबर होतं की नाही, याचं उत्तर रोज वेगळं येतं. घंटा झाली तेव्हा पहिल्या गठ्ठ्यातले पाच प्रश्न तसेच राहिले होते. सगळे चांगले होते, मीच निवडलेले.

भेटीनंतर भरायच्या फॉर्ममध्ये ‘उद्दिष्ट साध्य झाले का’ याच्यापुढे तीन चौकोन असतात. एकही भरलेला नाही.

पुढचा तास गणिताचा. तो मुलगा वीस मिनिटं उशिरा पोचला म्हणून सहकाऱ्याने रजिस्टरात शेरा मारला. मी खोडायला गेले, तर म्हणाला, कारण लिहा. ‘पाहुण्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेला होता’ असं लिहिलं.