हळकुंडाचा आवाज

बारावीला रसायनशास्त्रात ९१ गुण मिळवून मी सुट्टीत सांगलीच्या मार्केट यार्डात काकांच्या अडत दुकानावर बसू लागलो आणि पहिल्याच दिवशी ओलसर हळदीचे पोते उत्तम म्हणून बाजूला काढले. चौथी शिकलेल्या हमालमामांनी त्यातले एक हळकुंड मोडून पाहिले; ते कट्‌कन न तुटता वाकले, तेवढ्यावरून माल नीट वाळलेला नाही हे त्यांनी ओळखले. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या करक्युमिनचे रेणुसूत्र मात्र मला पाठ होते (ते कोणी विचारले नाही).

गुणांना मी कमी लेखत नाही, कारण पुढचा प्रवेश त्यांच्याच जोरावर मिळाला. पण १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी शेजारच्या साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’मधून श्रमाला शिक्षणाची जी जोड दिली, ती आमच्या वाट्याला आली नाही, प्रात्यक्षिकाची निरीक्षणेसुद्धा आम्ही आदल्या वर्षीच्या वहीतून उतरवून काढत असू.