एकाच डोळ्यानं दोन दिसायचं

मी नाशकात एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी नंबर काढणारी, "ही काच बरी की ती" विचारून पेशंटला पिडणारी ती मीच. दोन दोन दिसणारे पेशंट आमच्याकडे येतच असतात, बहुतेकांचा एक डोळा झाकला की दोनाचं एक होतं आणि मग डोळ्याचे स्नायू, नस, शुगर असा शोध सुरू होतो.

निफाडकडचा हा द्राक्षवाला दादा मात्र डावा डोळा झाकूनही म्हणे दोनच दिसतंय. "मॅडम, एकट्या उजव्यानंच दिसतंय दोन, कुणी खरंच मानत नाही." बायको फाईल घेऊन उभी, त्यात मेंदूचा एमआरआय पण होता, नॉर्मल. तो कशाला काढायला लावला देवजाणे, डोळा झाकून बघायला एक रुपया लागत नाही.

मी एक कार्ड त्याच्या उजव्या डोळ्यासमोर कानाच्या बाजूनं हळूहळू सरकवत आणलं आणि अर्ध्यात आलं तसा तो ओरडलाच, "गेलं! एक गेलं!" मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर बसवलं. बाहुली गोल नव्हतीच, एका बाजूनं चपटी, इंग्रजी डी सारखी, आणि खाली कानाच्या बाजूला आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, बाहेरच्या कडेला मुळापासून सुटून काळी फट पडलेली, बाहीची शिवण खांद्यापाशी उसवते ना तशी. आतून लाल उजेड बाहुलीतूनही येत होता आणि फटीतूनही. एका डोळ्याला दोन खिडक्या, दोन दिसणारच की!

महिनाभरापूर्वी छाटणीच्या आधी बागेत मांडवाच्या तारा ताणताना एक तार सुटून डोळ्यावर बसली होती. तेव्हा डोळ्यात रक्त साचलं, गावाकडं थेंब दिले, रक्त विरलं आणि सगळ्यांना वाटलं झालं बरं. आयरिस मुळाशीच सगळ्यात पातळ असते त्यामुळे असा मार बसला की तिथूनच सुटते, सर याला आयरिडोडायलिसिस म्हणतात. वरच्या बाजूला सुटली असती तर पापणीखाली झाकून गेली असती आणि कदाचित त्याला कळलंही नसतं.

गंमत म्हणजे त्याच सकाळी काचबिंदूच्या एका आजींना याग लेसरनं आयरिसमध्ये मुद्दाम बारीक भोक पाडलं होतं, आतलं पाणी मागून पुढं यायला वाट मिळावी आणि अँगल, म्हणजे ते पाणी बाहेर जायचा कोपरा, बंद होऊन डोळ्याचं प्रेशर अचानक चढू नये म्हणून. एकीला भोक पाडायचं आणि एकाचं बुजवायचं, असला दिवस.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं, सरांनी मला बघायला थांब म्हटलं. दहा-झिरो प्रोलिनचा धागा, केसापेक्षा कितीतरी बारीक, दोन्ही टोकांना लांब सरळ सुई. समोरच्या बाजूला छोटं छिद्र करून सुई बाहुलीवरून पलीकडे न्यायची, सुटलेली कड टोचून डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बाहेर काढायची, दुसरी सुई तशीच शेजारून, आणि बाहेर गाठ मारून ती पांढऱ्या थराखाली पुरायची. खाली त्याचं स्वतःचं भिंग शाबूत होतं, सुईचा नुसता धक्का लागला तरी मोतीबिंदू, म्हणून मध्ये जेल भरलेलं. सर एरवी ऑपरेशन करताना क्रिकेटवर बोलतात, त्या दिवशी चकार शब्द नाही. गाठ फार आवळली तर बाहुलीच त्या बाजूला ओढली जाते, म्हणून गाठ बसेपर्यंत मी मॉनिटरवर बाहुलीकडेच बघत होते. फट मिटली, बाहुली जराशी लांबट राहिली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डावा झाकून चार्ट दाखवला. धूसर आहे म्हणाला, पण एकच आहे.

एवढ्यावर सुटका नाही अर्थात. अशा मारात डोळ्यातला पाणी बाहेर जायचा कोपराही फाटलेला असतो, त्याच्याही होता, आणि त्यातून काचबिंदू कित्येक वर्षांनीसुद्धा येऊ शकतो, दुखत नाही, कळत नाही. म्हणून प्रेशर आयुष्यभर तपासायचं. हे सगळं समजावून पुढची तारीख दिली तर दादा म्हणतो, "तेव्हा बागेत डिपिंग चालू असतं मॅडम, नाही जमायचं." डिपिंग म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम. बायकोनं कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि मला म्हणाली, "लिहा तुम्ही, आणते मी त्यांना. आणि तारा ताणताना घालायचा तो गॉगल कुठं मिळतो ते पण सांगा."